डाळीला मोड येत नाहीत

मटकीला मोड येतात, मुगाला येतात, वाल-पावट्यांना येतात, थोडी वाट पाहिली की हुलग्यांनाही येतात. डाळीला येत नाहीत. दाणा भरडला की त्याचे दोन भाग सुटे होतात, अंकुर मोडतो किंवा निसटून चुरीत जातो आणि उरतो तो नुसता साठा. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला ते आपल्या शिफारशीत स्पष्ट लिहावं लागलं : दाणे अख्खे हवेत, साल शाबूत हवं, सोललेले किंवा भरडलेले चालणार नाहीत. त्या शिफारशीमागे हजारो सैनिकांच्या सुजलेल्या हिरड्या होत्या आणि त्या सैनिकांमध्ये आपल्या मराठी पलटणींतलेही अनेक होते.

‘रोज वाटीभर मोड आलेलं खा’ हा सल्ला आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी मिळालेला आहे. आईकडून फोनवर, डॉक्टरांकडून, व्हॉट्सॲपवरून, आणि आता इथल्या इंग्रजी मासिकांमधूनही. त्याला बहुतेक वेळा एक शेपूट असतं : आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. मी आहार आणि आजार यांच्या इतिहासावर इंग्लंडमध्ये पोस्टडॉक करते, त्यामुळे असं शेपूट दिसलं की ते धरून मागे मागे जायची सवय लागली आहे. या बाबतीत मागे गेलं की पहिली गंमत अशी दिसते की पूर्वजांच्या ग्रंथांचं मत वेगळंच आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, सूत्रस्थानात, जे पदार्थ नित्य खाऊ नयेत त्यांची एक यादी आहे. त्यात दही आहे, उडीद आहेत, वाल-पावटे आहेत, सुकलेल्या भाज्या आहेत, आणि ‘विरूढक’ म्हणजे मोड आलेलं धान्यही आहे. कधीमधी खायला हरकत नाही, पण रोज नको. आजच्या सल्ल्याच्या बरोबर उलट.

मग आपल्याकडे उसळी आल्या कुठून? माझ्या मते साध्या कारणांनी. भिजवून मोड आणलेलं कडधान्य लवकर शिजतं, म्हणजे सरपण कमी लागतं. वालाला मोड आले की साल चटकन निघतं आणि डाळिंब्यांची उसळ करता येते. मटकीला मोड आले की एक गोडसर चव येते, जी कोरड्या मटकीत नसते. कढईभर मटकीची फडक्यात बांधून दोन दिवसांत पातेलंभर होते, हेही खाणारी तोंडं जास्त असलेल्या घरात लहान कारण नव्हे. यात आरोग्याचा विचार नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण मोड खाल्ल्याने अमुक रोग टळतो असं सांगणारं शास्त्र आपल्या उसळीमागे नव्हतं. ते शास्त्र एका वेढ्याच्या आणि एका फसलेल्या लिंबाच्या गोष्टीतून आलं.

वेढा कुतचा. इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा हे गाव आहे. १९१५च्या अखेरीस बगदादच्या दिशेने निघालेली ब्रिटिश फौज टेसिफोनच्या लढाईनंतर मागे हटत इथे येऊन थांबली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्की सैन्याने तिला वेढलं. जनरल चार्ल्स टाउनशेंडच्या हाताखालची ही सहावी डिव्हिजन, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : १०३वी, ११०वी आणि ११७वी. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांचे प्रयत्न एकामागून एक फसले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसं शरण गेली. त्यांतली बहुसंख्य भारतीय होती.

या पाच महिन्यांत तिथल्या वैद्यकीय प्रमुखाने, कर्नल पॅट्रिक हेहिरने, एक विलक्षण गोष्ट नोंदवली. एकाच गावात, एकाच वेढ्यात, एकाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या दोन गटांना दोन वेगळे आजार होत होते. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाली, पण स्कर्व्ही फारशी नाही. भारतीय सैनिकांना स्कर्व्हीने पछाडलं, पण बेरीबेरी झाली नाही. पुढे आहारशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण अनेकदा आलं, कारण कुणी ठरवून केला नसता असा हा प्रयोग परिस्थितीने करून दाखवला होता.

कारण शिध्यात होतं. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळत होता. कोंडा आणि अंकुर काढून टाकलेल्या त्या पिठात आज आपण ज्याला ‘ब१’ जीवनसत्त्व म्हणतो ते जवळजवळ नव्हतं, म्हणून बेरीबेरी. पण त्यांना घोड्याचं ताजं मांस मिळत होतं आणि ताज्या मांसात थोडं का होईना ‘क’ जीवनसत्त्व असतं. भारतीय सैनिक आटा खात होते, कोंड्यासकट. त्यांचे पाय बेरीबेरीने सुजले नाहीत. पण घोड्याचं मांस बहुतेकांनी नाकारलं. टाउनशेंडने बिनतारी संदेशांवरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवून घेतली, तरीही शेवटच्या आठवड्यांपर्यंत पुष्कळांनी ते तोंडाला लावलं नाही. यावर त्या काळातल्या आणि नंतरच्याही इंग्रजी लिखाणात बराच वैताग आहे : हट्टी, अडाणी, धर्माने बांधलेले वगैरे. मला तो वैताग एकतर्फी वाटतो. गावाकडे परत गेल्यावर पंगतीत कुणी पाणी देईल का, हा प्रश्न त्या माणसासाठी काल्पनिक नव्हता. आणि हिरवी भाजी, फळ, कांदा यांतलं काहीच शिध्यात उरलेलं नसताना मांस न खाणाऱ्याचं काय होईल, याचा विचार शिधा ठरवणाऱ्यांनी वेढ्याच्या कितीतरी आधी करायला हवा होता.

फेब्रुवारीत पांढरा मैदा संपत आला, गोऱ्यांच्या पावात जवाचं पीठ आणि आटा मिसळावा लागला, आणि त्यांची बेरीबेरी थांबली. टंचाईने औषधाचं काम केलं. धान्य दळायला जाती कमी पडली तेव्हा विमानातून पॅराशूटने जात्याची पाळ टाकण्यात आली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आकाशातून उतरणारी ती पाळ येते आणि हसावं की काय करावं ते कळत नाही. भारतीय सैनिकांच्या स्कर्व्हीला मात्र असा योगायोगाचा उतारा मिळाला नाही. नदीकाठचा पाला खुडून आणून शिजवणं एवढंच हातात होतं.

स्कर्व्ही कशी दिसते हे आज आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. सुरुवात नुसत्या थकव्याने होते. मग हिरड्या स्पंजासारख्या फुगतात, रक्त येतं, दात हलतात. पायांवर काळेनिळे डाग उमटतात, गुडघे आखडतात. आणि सर्वांत भयंकर म्हणजे भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उकलतात, कारण जखम सांधणारा धागा शरीराला सतत नव्याने विणावा लागतो आणि त्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागतं. लढाईत जखमी झालेल्या माणसाला हा आजार होणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आता डाळ. भारतीय सैनिकाच्या शिध्यात आट्याबरोबर डाळ असायचीच, तूप, मीठ, गूळही असायचा. इथेच माझ्यासारख्या मराठी वाचकाच्या मनात पहिला विचार येतो की अरे, मग मोड का नाही आणले? साताऱ्याच्या माणसाला मोड आणायला कुणी शिकवावं लागतं का? पण फौजी शिध्यातली डाळ म्हणजे बहुधा भरडलेली डाळ. ती कमी जागेत मावते, लवकर शिजते, जळण वाचवते. कोठारात आणि छावणीत सोयीची तीच. आणि तिला मोड येत नाहीत. घरच्या स्वयंपाकातलं ज्ञान सैनिकाबरोबर तैग्रिसपर्यंत गेलं असेलही, पण ज्या दाण्यावर ते चालवायचं तो दाणाच पुरवठा खात्याने वाटेत दुभंगून टाकलेला होता. इंग्रजी कागदपत्रांत मात्र अख्खी असो की भरडलेली, तूर असो की मसूर, सगळ्याला एकच शब्द दिसतो : ‘ढाल’. मूग आणि मुगाची डाळ या आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे डबे वेगळे असतात. पुरवठ्याच्या वहीत ती एकच ओळ झाली.

अख्खे मूग पाठवले असते तर कुतमधली माणसं वाचली असती, असा माझा दावा नाही. वेढ्यात अखेरीस सगळंच संपलं, आणि जे मेले त्यांतले असंख्य नंतरच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की छावण्यांत मेले. पण मेसोपोटेमियाच्या आघाडीवर कुतबाहेरही स्कर्व्ही मोठ्या प्रमाणावर पसरली होती, जिथे वेढा नव्हता, जिथे मुंबई आणि बसऱ्याहून बोटी येत होत्या. आणि तिथे सरकारने स्कर्व्हीवरचा शंभर वर्षांचा खात्रीचा इलाजही पाठवला होता : लिंबाचा रस. तो चालला नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. १७४७मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. आरमाराने १७९५मध्ये लिंबाचा रस लागू केला आणि स्कर्व्ही जवळजवळ नाहीशी झाली. ते लिंबू म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं पिवळं, जाड सालीचं लेमन. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आरमाराने ते बदलून वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतलं हिरवं लाइम घेतलं. लाइम जास्त आंबट होतं आणि गुण आंबटपणात आहे अशी समजूत होती. शिवाय इंग्रजीत त्या काळी दोन्ही रसांना सर्रास ‘लाइम जूस’च म्हणत, त्यामुळे काही बदललं आहे हेच फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. जहाजं वाफेवर चालू लागली होती, प्रवास लहान झाले होते, म्हणून चूक झाकली गेली. १८७५ साली निघालेल्या नेअर्सच्या आर्क्टिक मोहिमेत ती उघडी पडली. रस बरोबर होता, तरी माणसं स्कर्व्हीने कोसळली. यातून निष्कर्ष काय निघावा? रस चुकीचा आहे हा नव्हे, तर रसाने स्कर्व्ही बरी होते हेच खोटं असावं, असा. अनेक डॉक्टर पुढची तीस-चाळीस वर्षं सडलेल्या मांसातल्या विषाला दोष देत राहिले.

आपल्या भाषेत तर लेमन आणि लाइम दोन्ही लिंबूच. आपलं कागदी लिंबू हे इथल्या दुकानातलं लाइम. परदेशात आल्यावर पहिल्या वेळी सरबतासाठी मोठं पिवळं लेमन घरी आणलेल्या कुणालाही विचारा, चव चुकते. पण ताजं कागदी लिंबू पिळणं वेगळं आणि उकळून, गाळून, पिपात भरून महिनोन् महिने ठेवलेला रस वेगळा. मेसोपोटेमियात पोचला तो दुसरा.

हा सगळा गुंता सुटला तो लंडनमध्ये, चेल्सी पुलाजवळ थेम्सच्या काठी असलेल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये. त्या इमारतीत आता एक खासगी रुग्णालय आहे. पुरुष शास्त्रज्ञ युद्धावर गेलेले, त्यामुळे १९१५नंतर इथलं आहाराचं काम मुख्यतः स्त्रियांच्या हाती आलं. त्यांची प्रमुख हॅरिएट चिक. १९०५मध्ये तिने इथे अर्ज केला तेव्हा बाईला घेऊ नये असं म्हणणारे लोक संस्थेत होते. पुढे ती १०२ वर्षं जगली आणि त्यांतली बहुतेक वर्षं काम करत होती. तिच्याबरोबर मार्गारेट ह्यूम, रूथ स्केल्टन, वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन डेल्फ आणि जुनी दप्तरं चाळणारी ॲलिस हेंडरसन स्मिथ. शेवटच्या बाईंनी आरमाराच्या नोंदी खणून दाखवून दिलं की जो ‘लाइम जूस’ पूर्वी गुणकारी ठरला तो लेमनचा होता. इतिहास आणि प्रयोगशाळा यांनी मिळून इतका नेमका प्रश्न सोडवल्याची उदाहरणं कमी आहेत, आणि माझ्या पेशामुळे मला ते जरा जास्तच आवडतं.

बाकीच्यांचे प्रयोग गिनीपिगांवर होते. हा निव्वळ योगायोगाचा आणि फार मोलाचा मुद्दा आहे. बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. कुत्रा करतो, उंदीर करतो, गाय करते. माणूस करू शकत नाही आणि गिनीपिगही नाही. १९०७मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना बेरीबेरीचा अभ्यास करताना अचानक गिनीपिगांना स्कर्व्ही झालेली दिसली, तेव्हा कुठे तपासणीला प्राणी मिळाला. मग प्रत्येक पदार्थ किती गुणाचा हे मोजता येऊ लागलं. लिस्टरमध्ये ताज्या लाइमच्या रसाचा गुण लेमनच्या जेमतेम एक चतुर्थांश निघाला. साठवलेल्या लाइमच्या रसाचा जवळजवळ शून्य.

मोडांची पाळी आली ती याच ओघात. सैन्याला हवं होतं असं काहीतरी जे बोटीतून महिनाभर न नासता जाईल, जागा कमी घेईल, आणि छावणीत पोचल्यावर ताजं होईल. ताजी भाजी वाळवंटात पाठवता येत नाही. कोरडं कडधान्य पाठवता येतं. कोरड्या दाण्यात ‘क’ जीवनसत्त्व नसल्यातच जमा असतं. पण त्याला पाणी मिळालं, ऊब मिळाली, की दाणा जिवंत रोपासारखा वागू लागतो आणि ते जीवनसत्त्व स्वतः बनवू लागतो. नॉर्वेतच फ्यूर्स्टने १९१२मध्ये हे दाखवलं होतं. चिक आणि डेल्फ यांनी १९१९च्या निबंधात कोरड्या आणि मोड आलेल्या वाटाण्यांची, मसुरांची पद्धतशीर तुलना केली. दिवसभर भिजवायचं, मग पाणी काढून दोन दिवस ओलसर ठेवायचं, शिजवायचं तर थोडक्यात. त्याआधीच सॅलोनिकाच्या आघाडीवर विल्टशर या डॉक्टरने सर्बियन सैनिकांच्या एका गटाला लेमनचा ताजा रस आणि दुसऱ्याला मोड आलेल्या घेवड्याचे दाणे दिले होते. मोडवाले लिंबूवाल्यांच्या मागे राहिले नाहीत, उलट थोडे पुढेच होते.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती सुरुवातीला सांगितलेली अट : दाणा अख्खा हवा. चेल्सीतल्या बायकांनी ती लिहिली, कारण सैन्याला ‘कडधान्याला मोड आणा’ एवढंच सांगितलं असतं तर कुणीतरी नक्की भरडलेली डाळ भिजत घातली असती आणि ती आंबली की मोडांचा उपाय निरुपयोगी आहे असा अहवाल पाठवला असता. लाइमच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

आणि मोडांच्याही बाबतीत ते एकदा होऊन गेलं होतं, दीडशे वर्षांपूर्वी. कॅप्टन कुकने ‘एन्डेव्हर’वर स्कर्व्हीसाठी माल्टचा काढा नेला होता आणि परत आल्यावर त्याची तारीफ केली होती. माल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली. कल्पना योग्य जागेच्या इतकी जवळ होती! पण माल्ट करताना मोड आले की दाणे भट्टीत वाळवतात, आणि त्या उष्णतेत तयार झालेलं जीवनसत्त्व निघून जातं. कुकची माणसं वाचली ती प्रत्येक किनाऱ्यावर उतरून हिरवा पाला खुडायला लावण्याच्या त्याच्या शिस्तीमुळे. श्रेय मात्र बराच काळ काढ्याला मिळालं आणि लेमनचा रस सगळ्या आरमारात जायला आणखी पंचवीस वर्षं लागली. आपलं नाचणीचं सत्त्व याच माल्टचं भावंड आहे. मोड आणून, वाळवून, दळलेलं. ते बाळाला द्यावं, जरूर द्यावं. मोड आल्याने त्यातला स्टार्च सुटतो, पेज पातळ राहून जास्त पीठ पोटात जातं. फक्त ‘मोड आलेलं’ म्हणून त्यात ‘क’ जीवनसत्त्व शोधू नये.

हे ज्ञान पुढे हिंदुस्थानात परत आलं. कुन्नूरच्या आहार प्रयोगशाळेतून १९३७मध्ये आयक्रॉइडने भारतीय पदार्थांची जी प्रसिद्ध पुस्तिका काढली तिच्यापासून मोडांची शिफारस आपल्याकडच्या आहारविषयक सल्ल्यांत रुजत गेली. १९३९-४०च्या दुष्काळात तेव्हाच्या पंजाबातल्या हिस्सार जिल्ह्यात स्कर्व्ही पसरली, तेव्हा मोड आलेले हरभरे वाटण्यात आले आणि साथ आटोक्यात आली. हरभरा हे त्या भागातलंच पीक.

त्याच कुन्नूरचा आणखी एक प्रयोग मराठी माणसं आवडीने सांगतात. आयक्रॉइडच्या आधीच्या संचालकाने, रॉबर्ट मॅककॅरिसनने, देशातल्या निरनिराळ्या लोकांचं जेवण उंदरांना खाऊ घालून त्यांची वजनं पाहिली. शीख जेवणावरचे उंदीर पहिले, पठाणी दुसरे, मराठा तिसरे, मद्रासी शेवटचे. आपला नंबर तिसरा म्हणून खूश व्हायला हरकत नाही. पण ही क्रमवारी ‘लढाऊ जमाती’ या सरकारी समजुतीशी जरा जास्तच जुळते, आणि उंदीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवतो हेही विसरू नये. ज्या आजाराने कुतमधली मराठी माणसं पोखरली, तो या प्रयोगात दिसणंच शक्य नव्हतं.

त्या माणसांबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,०००हून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरलेली आहेत. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१मध्ये माफी मागितली. कोकणात आणि सातारा भागात गावोगावी जे लहान संगमरवरी फलक दिसतात, या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, तिथेही संख्याच असते. सुट्टीत गावी जाल तेव्हा चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पाहा.

आजच्या सल्ल्याकडे येते. शंभर ग्रॅम कच्च्या मोड आलेल्या मुगात साधारण १३ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये, युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात दिवसाला १० मिलिग्रॅमने स्कर्व्ही टळते आणि बरीही होते असं दिसलं. म्हणजे वाटीभर मोड हे संकटातलं खरं औषध आहे. पण ज्या घरात टोमॅटो, कोथिंबीर, पेरू, संत्री आणि सिमला मिरची आहे तिथे ‘क’ जीवनसत्त्वासाठी मोडांवर अवलंबून राहायची गरज नाही. तिथे उसळ खावी ती प्रथिनांसाठी, कोंड्यासाठी, आणि मुख्य म्हणजे उसळीसाठी.

इथे परदेशात मोडांना गेल्या काही दशकांत एक नवा अवतार मिळाला आहे : कच्चे, सॅलडवर भुरभुरलेले. त्याच्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. जी ऊब आणि ओल दाण्याला जागं करते, तीच जंतूंनाही वाढवते, आणि दाण्याच्या सालीच्या भेगांत बसलेले जंतू धुऊन निघत नाहीत. २०११मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, पन्नासच्या वर मेले. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९९मध्येच लहान मुलं, वृद्ध आणि दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांना कच्चे मोड टाळायला सांगितलं होतं, गरोदर बायकांनाही हाच सल्ला दिला जातो. ब्रिटनमध्येही पाकिटावर तसेच खाण्याचं लिहिलेलं नसेल तर वाफ येईपर्यंत शिजवा असंच सांगतात. मटकीची उसळ शिजवणाऱ्या आपल्या घरांना यात नवं काही नाही. कच्च्या मोडांची कोशिंबीर करणाऱ्यांनी निदान एक वाफ काढावी, विशेषतः घरात कुणाला दिवस गेलेले असतील किंवा आईवडील तिकडून राहायला आले असतील तर.

थंड देशात मोड येत नाहीत ही तक्रार खरी आहे. जानेवारीत इथल्या ओट्यावर मटकी तीन दिवस तशीच बसते आणि मग वास मारू लागते. भिजवून पाणी पूर्ण निथळा, फडक्यात सैल बांधा, आणि बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा. ओव्हन चुकूनही सुरू करू नका, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवा. दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. मोड अर्ध्या बोटाएवढे झाले की फ्रिजमध्ये टाका आणि दोन दिवसांत संपवा. कुकर लावू नका, कढईत झाकण ठेवून वाफेवर शिजू द्या, दाणा बोटात दाबला तर मोडेल इतपतच. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. ते लेमन असो वा लाइम, ताजं असलं की झालं.